उसाच्या रस्त्यावरची चाकोरी: डांबर बदलण्याआधी काय तपासावे लागले

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याकडे जाणाऱ्या दुपदरी रस्त्याचे हे प्रकरण आहे. गाव, कारखाना, कंत्राटदार आणि खाते यांची नावे दिलेली नाहीत. मोजमापे ढोबळ ठेवली आहेत, पण घडले तसेच मांडले आहे. मी या कामात साहित्य तपासणीच्या बाजूने होतो, म्हणून हा लेख डांबर आणि खडीकडे जास्त झुकलेला वाटेल.

पार्श्वभूमी

रस्ता सुमारे सात मीटर रुंद. खाली मुरूम आणि खडीचे थर, त्यावर डीबीएम (जाड खडीचा डांबरी थर), वर बीसीचे (बारीक खडीच्या डांबरी मिश्रणाचे) कार्पेट. दोन्ही डांबरी थरांत व्हीजी-३० श्रेणीचे डांबर (आकडा जितका मोठा, तितके डांबर घट्ट). काम नियमाप्रमाणे झाले होते आणि चाचण्यांचे कागद पूर्ण होते. मार्शल स्टॅबिलिटी, म्हणजे मिश्रणाचा नमुना मोडायला लागणारा भार, ६० अंशांना किमान ९ किलोन्यूटन लागते, ती भरपूर ओलांडलेली. कागदावर कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

वर्षातले सहा महिने हा रस्ता साधाच असतो. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू झाले की त्याचे रूप पालटते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, टायरगाड्या आणि परतीच्या वाटेवर साखरेची पोती भरलेले ट्रक. हंगाम जोरात असला की वजनकाट्यापासून निघालेली रांग कालव्याच्या पुलापर्यंत मागे येते. ट्रॅक्टर एकेक ट्रॉली पुढे सरकतो, मग पुन्हा उभा राहतो.

रस्त्याच्या दृष्टीने वाईट काळ डिसेंबर-जानेवारीचा नाही. थंडीत डांबर कडक असते, भार सोसून घेते. हंगाम लांबला आणि मार्च-एप्रिलमध्येही ऊस येत राहिला की घात होतो. त्या दिवसांत भर दुपारी काळ्या पृष्ठभागाचे तापमान ६० अंशांच्या पुढे जाते. गरम डांबर, जड चाक आणि अत्यंत कमी वेग या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जमतात.

अडचण

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी चाकांच्या दोन्ही मार्गांवर चर उमटले. पट्टी ठेवून मोजले तेव्हा चढावर आणि रांगेच्या पट्ट्यात खोली बहुतेक ठिकाणी २० मिमीच्या वर भरली. आयआरसी:३७ मध्ये (इंडियन रोड्स काँग्रेसच्या रस्ता-रचनेच्या नियमांत) रस्त्याच्या आयुष्याची अखेर ठरवण्यासाठी हीच २० मिमीची मर्यादा धरली आहे. म्हणजे पंधरा वर्षांच्या हिशेबाने बांधलेला रस्ता दोन हंगामांत त्या टोकाला पोचला होता. पावसाळ्यात चरात पाणी साचू लागले आणि दुचाकीवाल्यांच्या तक्रारी आल्या. पुलाजवळचा एक चहावाला म्हणाला, "साहेब, चाक एकदा चरात शिरलं की बाहेर काढताना गाडी आडवीच होते बघा." त्याने दोन-तीन जण पडताना पाहिले होते.

पहिल्या बैठकीत उत्तर जवळजवळ ठरूनच आले होते: चर भरून घ्यायचे आणि वरून चाळीस मिलिमीटरचे नवीन कार्पेट टाकायचे, या वेळी पॉलिमरवाले, म्हणजे रबरासारखा पदार्थ मिसळलेले, डांबर घालून. निधीची तरतूद तेवढ्यापुरतीच होती. बोलणे सुरू होते ते फक्त कोणत्या कंपनीचे डांबर घ्यायचे यावर.

पहिला निर्णय: चर कुठल्या थरात आहे?

उपअभियंत्यांनी इथे काम अडवले, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच होता. डांबरात काय मिसळायचे हे ठरवण्याआधी चर नेमका कोणत्या थरात पडला आहे ते उघडून बघायचे, असे त्यांनी सांगितले. रस्त्याला आडवे दोन खंदक खणले आणि चाकाच्या मार्गातून व दोन मार्गांच्या मधून कोअर (थरांतून कापून काढलेले गोल नमुने) काढले.

चढावरच्या खंदकात मुरमाचा आणि खडीचा थर सरळ होता. खाली काहीच हललेले नव्हते. बीसी आणि त्याखालच्या डीबीएमचा वरचा भाग मात्र चाकाखालून दाबला जाऊन बाजूला सरकला होता, आणि चराच्या दोन्ही कडांना फुगवटा आला होता. कडेचा असा फुगवटा दिसला की समजावे, डांबरी मिश्रणच वाहिले आहे. टायरच्या कडेखाली कातरण्याचा ताण सर्वांत जास्त असतो तो साधारण ५० ते १०० मिमी खोलीवर. म्हणजे तो वरच्या कार्पेटच्या खाली, डीबीएममध्ये पोचतो. वर चाळीस मिलिमीटर महागडे डांबर आणि खाली तेच मऊ डीबीएम ठेवणे म्हणजे फाटक्या बनियनवर इस्त्रीचा सदरा घालण्यासारखे झाले असते.

दुसरा खंदक शेताच्या पाटाजवळ घेतला होता. तिथला चर रुंद आणि उथळ, कडेला फुगवटा नाही. उघडल्यावर दिसले की डांबरी थर जाडीने शाबूत आहेत, पण खालची काळी माती ओली होऊन खचली आहे. पाटाचे पाणी वर्षानुवर्षे साइडपट्टीखाली मुरत होते. या तुकड्याला जगातले कोणतेही डांबर वाचवू शकत नव्हते. तिथे गटार काढून पाणी बाहेर न्यायचे आणि भराव बदलायचा, असे ठरले. त्याबद्दल पुढे काही लिहीत नाही, कारण ते काम सरळ होते आणि सरळ पार पडले.

कोअरनी आणखी एक गोष्ट सांगितली. चाकाच्या मार्गातल्या नमुन्यांत हवेच्या पोकळ्या दोन टक्क्यांच्या आसपास उरल्या होत्या. मिश्रणाची रचना करताना पोकळ्या ३ ते ५ टक्के धरतात. त्या तीनच्या खाली गेल्या की खडीच्या कणांमधला आधार डांबर स्वतःकडे घेऊ लागते आणि मिश्रण लोण्यासारखे सरकते. पोकळ्या इतक्या का आटल्या याचा शोध घेताना जुना मिश्रण आराखडा पुन्हा वाचला.

त्यात डांबराचे प्रमाण बीसीसाठी ५.४ टक्क्यांहून थोडे जास्त होते. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या तपशीलात बीसीच्या दुसऱ्या श्रेणीला ५.४ टक्के हे किमान प्रमाण दिले आहे, म्हणून कोणाला खटकले नाही. पण त्याच तक्त्याखालची टीप सहसा वाचली जात नाही. हे प्रमाण २.७ विशिष्ट गुरुत्वाच्या, म्हणजे पाण्याच्या २.७ पट जड, खडीसाठी आहे, खडी त्याहून जड असेल तर त्या प्रमाणात डांबर कमी करता येते. आपला सह्याद्रीकडचा काळा दगड जड असतो. इथल्या खडीचे गुरुत्व २.८५ च्या जवळ होते. हिशेब केला तर किमान प्रमाण ५.१ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे रस्त्यात डांबर कमी नव्हते, जास्त होते. भरीला बारीक मालात नदीची गोल वाळू मिसळलेली होती. गोल कण एकमेकांत अडकत नाहीत, घरंगळतात.

मार्शल चाचणीला हे का दिसले नाही? कारण ती साच्यातल्या नमुन्याला काही सेकंदांत मोडून बघते. तासन्‌तास रेंगाळणाऱ्या चाकाखाली मिश्रण कसे सरकेल हे तिच्या कक्षेतच नाही. हे अनेक अभियंत्यांना ठाऊक असते, तरीही स्टॅबिलिटीचा आकडा मोठा आला की सगळे निश्चिंत होतात.

कमी वेगाचे गणित

ताशी ६० किलोमीटरने जाणारे चाक एखाद्या बिंदूवर जितका वेळ असते, त्याच्या सहापट वेळ ताशी १० ने जाणारे चाक असते. डांबर हे वेळ आणि उष्णता यांत फरक करत नाही. जास्त वेळ दाबले काय किंवा जास्त तापवून दाबले काय, त्याच्या लेखी परिणाम सारखाच. म्हणूनच अमेरिकेतल्या सुपरपेव्ह पद्धतीत संथ वाहतुकीसाठी डांबराची वरची श्रेणी एक पायरी, म्हणजे ६ अंशांनी, चढवतात. उभ्या वाहतुकीसाठी दोन पायऱ्या.

भाराची बाजूही वाढलेली होती. २०१८ मध्ये चार टायरच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. आसाच्या भाराच्या चौथ्या घाताने रस्त्याचे नुकसान वाढते, हा १९५० च्या दशकाअखेरीस इलिनॉयमध्ये झालेल्या प्रयोगातून आलेला ठोकताळा धरला तर एवढ्याशा फरकाने नुकसान दीडपटीहून अधिक होते. हे झाले कायद्यात बसणाऱ्या ट्रकचे. उसाच्या ट्रॉलीत कायदा किती आणि ऊस किती, हे इथे लिहिण्याची गरज नाही.

समोर असलेले पर्याय

सर्वांत स्वस्त पर्याय व्हीजी-४० चा. आयएस ७३ या भारतीय मानकाप्रमाणे ६० अंशांना व्हीजी-३० ची श्यानता (दाटपणा) २४०० ते ३६०० पॉइज असते, व्हीजी-४० ची ३२०० ते ४८००. दोन्हींच्या पट्ट्या एकमेकांवर चढतात हे लक्षात ठेवायला हवे: चांगले व्हीजी-३० आणि जेमतेम व्हीजी-४० यांत फरक फारसा उरत नाही. शिवाय व्हीजी-४० फक्त घट्ट आहे. दाबल्यावर परत उसळण्याचा गुण त्यात नाही.

रबराच्या भुकटीचे डांबर चर्चेत होते. जुन्या टायरचा वापर होतो, किंमतही मधली. पण भुकटी टाकीच्या तळाशी बसते, सतत घुसळावी लागते. कंत्राटदाराच्या हॉट मिक्स प्लांटच्या टाकीत घुसळणी नव्हती. "बसवून घेतो" असे तो म्हणाला, आणि तिथेच हा पर्याय मागे पडला.

स्थानिक पुढाऱ्यांना प्लास्टिकचा रस्ता हवा होता. बातमी होते, हे खरे. पद्धतही खोटी नाही. मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी ती रुजवली आणि आयआरसी:एसपी:९८ मध्ये तिचे नियम २०१३ पासून आहेत. गरम खडीवर प्लास्टिकचे बारीक तुकडे टाकायचे, त्यांचा पातळ लेप बसला की वर डांबर. प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के. यामुळे खडीवरून पाणी डांबर सोडवत नाही आणि मिश्रण ताठही होते. पण पीव्हीसी वगळलेले, स्वच्छ, एकसारखे तुकडे रोज पुरवणारे जवळपास कोणी नव्हते. आज पिशव्यांचे, उद्या कशाचे, असा माल घालून चढावरचा धोका घ्यायला आम्ही तयार नव्हतो.

उरले एसबीएस (एक कृत्रिम रबर) मिसळलेले पॉलिमर डांबर. एसबीएसच्या साखळीची दोन टोके स्टायरीनची आणि मधला भाग रबरासारखा. टोके एकमेकांना बिलगून कडक गाठी बांधतात, मधले धागे ताणले जातात आणि सुटतात. पुरेसे प्रमाण असले की डांबरात या गाठींचे सलग जाळे तयार होते. प्लांटच्या तापमानाला गाठी सैल पडतात म्हणून मिश्रण घोळता येते, रस्त्यावर थंड झाले की पुन्हा आवळतात. चाक गेल्यावर डांबर बरेचसे मागे येते, ते या जाळ्यामुळे.

हा मागे येण्याचा गुण मोजायला साधी जुनी चाचणी आहे: १५ अंशांना डांबराचा धागा दहा सेंटीमीटर ताणायचा, मधोमध कापायचा, तासाभराने किती आखडला ते बघायचे. पण रस्त्याशी जास्त नाते सांगणारी चाचणी एमएससीआर. तापवलेल्या डांबराच्या चकतीला एक सेकंद पीळ द्यायचा, नऊ सेकंद मोकळे सोडायचे, असे पुन्हा पुन्हा. आधी हलक्या, मग ३.२ किलोपास्कल ताणाने. शेवटी जेवढे विरूपण परत येत नाही, तोच चर. आम्ही व्हीजी-४० आणि पॉलिमर डांबर यांचे नमुने एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दिले. व्हीजी-४० जड ताणाखाली जवळजवळ काहीच परत आले नाही, पॉलिमरचे बरेच आले.

आणि काँक्रीट? सगळा रस्ता काँक्रीटचा करायला निधी नव्हता, पण एका जागेसाठी तो विचार टिकला.

निर्णय

खर्चाचा हिशेब इथे फळ्यावर मांडला. सात मीटर रुंद, एक किलोमीटर लांब आणि ५० मिमी जाड थर म्हणजे ३५० घनमीटर, साधारण ८४० टन मिश्रण. त्यात डांबर ४३ ते ४५ टन. पॉलिमर डांबर किलोमागे १५ रुपये महाग पडते असे धरले तर थरामागे किलोमीटरला साडेसहा-पावणेसात लाख. सगळ्या लांबीला दोन थरांत ते घालायचे म्हटले की अंदाजपत्रक कोलमडते. जिथे गरज आहे तिथे मात्र हा पैसा खोदकाम, रोलर आणि वाहतूक वळवण्याच्या खर्चापुढे मोठा नाही.

म्हणून रस्त्याचे तुकडे पाडले. मोकळ्या भागात, जिथे ट्रॅक्टर चालते असतात, फक्त कार्पेट खरवडून काढायचे आणि व्हीजी-४० चे नवे कार्पेट टाकायचे. चढ आणि रांगेच्या पट्ट्यात शंभर मिलिमीटरहून खोल खरवडायचे, आणि डीबीएम व बीसी दोन्ही पीएमबी ७६-१० (पॉलिमर डांबराची ७६ अंशांपर्यंतच्या उन्हाची श्रेणी) मध्ये करायचे. श्रेणी निवडताना ६४ अंश हा पाया धरून संथ व उभ्या वाहतुकीसाठी दोन पायऱ्या चढवल्या. वजनकाट्यासमोर, जिथे ट्रॅक्टर खरोखरच तासन्‌तास उभे असतात आणि डिझेल-ऑइल ठिबकून डांबर विरघळवते, तिथे डांबराचा नादच सोडला. तिथे एम-४० दर्जाचे काँक्रीट.

यावर एक मतभेद राहिला. लेखा शाखेचे म्हणणे, एकाच रस्त्यावर तीन तऱ्हा कशाला, उद्या लेखापरीक्षणात उत्तर कोण देणार? उपअभियंत्यांनी खंदकाची छायाचित्रे टिपणीला जोडली. ते उत्तर पुरले.

सर्व डांबरी मिश्रणांत नदीची वाळू बंद झाली, तिच्या जागी क्रशरची कच आली. भरणीत, म्हणजे पोकळ्या भरणाऱ्या बारीक भुकटीत, दोन टक्के विझवलेला चुना घेतला. डांबराचे प्रमाण खडीच्या गुरुत्वानुसार नव्याने ठरवले.

काम कसे झाले

वेळ एकच होती: गाळप संपल्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत. ऊस पुन्हा यायच्या आत नव्या थराला पाच महिने मिळणार होते, हा फायदा.

पॉलिमर डांबर साध्यापेक्षा दाट, त्यामुळे सगळे तापमान चढे ठेवावे लागते आणि दाबाई लवकर उरकावी लागते. पहिल्या दिवशी टायर रोलरला मिश्रण चिकटून वर येऊ लागले. चालकाने सवयीने डिझेलचा पोचारा मारायला घेतला. तो थांबवून साबणाचे पाणी दिले आणि टायर गरम होईपर्यंत रोलर मोकळ्या जागी फिरवला, मग चिकटणे थांबले. घनता सैद्धांतिक कमाल घनतेच्या (पोकळी अजिबात नसती तर आली असती तिच्या) ९२ टक्के ही किमान अट, आम्ही त्याच्या बऱ्याच वर राहायचे ठरवले होते.

दोन प्रसंगांनी त्रास दिला. एका दुपारी वळीव आला. पेव्हर (मिश्रण पसरवणारे यंत्र) थांबला, ताडपत्रीखालचे दोन डंपर तासभर अडकले. मिश्रण फेकून द्यावे असे आमचे मत होते. एक डंपर परत गेला, दुसऱ्यातला माल तोवर पेव्हरच्या हॉपरमध्ये उतरलेला होता आणि तो पसरला गेला. दुसरा प्रसंग टँकरचा. प्लांट बिघडल्याने पॉलिमर डांबराचा एक टँकर काही दिवस गरम ठेवला गेला. एसबीएस असे उकळत ठेवले की त्याच्या साखळ्या तुटतात किंवा पॉलिमर वर तरंगून वेगळे होते. टाकीच्या वरच्या आणि तळच्या नमुन्यांचा मृदुबिंदू (डांबर मऊ पडते ते तापमान) तपासला, तो तीन अंशांहून जास्त फरकाने आला. तो टँकर परत पाठवला, वाद झाला, दोन दिवस काम बंद राहिले.

निकाल

दोन हंगाम उलटल्यानंतर पुन्हा पट्टी लावली. चढावर चर जेमतेम हाताला जाणवेल इतकाच, काही मिलिमीटर. वळवाच्या दिवशीच्या सांध्यापाशी मात्र एक डंपरभर लांबीत तो स्पष्ट दिसतो, आणि खडीही सुटू लागली आहे. काँक्रीटचा तुकडा ठीक आहे. काँक्रीट संपून डांबर सुरू होते तिथे मात्र ट्रॅक्टर ब्रेक मारतात, तिथल्या कडेला आडव्या लाटा उमटायला लागल्या आहेत.

मोकळ्या भागातले व्हीजी-४० सुद्धा उत्तम टिकले. ही आनंदाची गोष्ट, पण अवघड प्रश्नही तिच्यातूनच निघतो. तिथे पॉलिमर नव्हते. होता तो फक्त दुरुस्त केलेला मिश्रण आराखडा आणि थोडे घट्ट डांबर. मग चढावरचे श्रेय पॉलिमरचे किती आणि वाळू काढल्याचे, डांबर कमी केल्याचे किती? या रस्त्यावरून ते वेगळे काढता येत नाही. माझा अंदाज असा की अर्ध्याहून जास्त काम खडीने केले. कंपनीच्या प्रतिनिधीचा अंदाज अर्थातच वेगळा आहे, आणि खात्यात आता "पॉलिमरने रस्ता वाचला" असेच बोलले जाते.

वेगळे काय करता आले असते

चढावरच शंभरेक मीटरची एक पट्टी नव्या आराखड्यानेच, पण व्हीजी-४० मध्ये ठेवायला हवी होती. वाहतूक तीच, ऊन तेच, फरक फक्त डांबराचा. ती सूचना आली होती, पण "ती पट्टी बिघडली तर लोक काय म्हणतील" या भीतीने वगळली गेली. सरकारी कामात प्रयोगाची जागा आधीच टिपणीत मंजूर करून घेतली तर ही भीती राहत नाही.

चाक फिरवून बघण्याची चाचणी मिश्रण मंजूर करण्याआधी व्हायला हवी होती. हॅम्बर्ग पद्धतीत गरम पाण्यात बुडवलेल्या नमुन्यावरून ७०५ न्यूटन भाराचे लोखंडी चाक वीस हजार वेळा जाते. मार्शल जे झाकते ते ही चाचणी दाखवते, जुना आराखडा तिच्यात नक्कीच उघडा पडला असता. आम्ही डांबर तपासायला पाठवले, मिश्रण पाठवले नाही. वेळ नव्हता हे कारण खरे आहे, पण प्रस्ताव हिवाळ्यात सुरू झाला असता तर वेळ होता.

टँकर परत पाठवण्याचा अधिकार निविदेत स्पष्ट लिहिलेला नव्हता, म्हणून दोन दिवस गेले. किती तास, कोणत्या तापमानाला ठेवलेले पॉलिमर डांबर चालेल आणि दर टँकरमागे कोणते नमुने घ्यायचे, हे निविदेतच हवे. थंड झालेल्या डंपरचेही तसेच. ताडपत्री काढल्यावर तापमान मोजून नोंदवायचे आणि मर्यादेखाली असेल तर उतरवायचेच नाही, ही अट पेव्हरच्या चालकालाही माहीत असली पाहिजे, फक्त शाखा अभियंत्याला नाही.

काँक्रीटची लांबी ठरवताना काट्यापुढची उभी रांग मोजली गेली. जिथे गाड्या ब्रेक मारून त्या रांगेत शिरतात तो टप्पा धरला गेला नाही. काँक्रीट तेवढे पुढे न्यायला हवे होते.

आणि रांग. कारखान्याने टोळ्यांना तोडीच्या चिठ्ठ्या वेळा वाटून दिल्या आणि गाड्यांसाठी तळावर आत जागा केली, तर पुलापर्यंतची रांग निम्म्याने तुटते. हे पहिल्या बैठकीतच शेती अधिकाऱ्यांसमोर मांडले गेले होते. त्यांनी मान डोलावली, पण रस्ता खात्याचा आणि तळ कारखान्याचा, त्यामुळे पुढे कोणी पाठपुरावा केला नाही. येत्या हंगामाआधी तेवढ्यासाठी वेगळी बैठक लावण्याचे उपअभियंत्यांनी ठरवले आहे. काट्याजवळच्या लाटा खरवडण्याचे काम तोवर थांबवले आहे.